सोलरच्या कोटेशनमधले शब्द: आकडा दिसला की आधी त्याची अट विचारा

तुम्ही लिहिलंय की पलूसला घर आहे, वर मोकळा स्लॅब आहे, महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट जळतात आणि ३ किलोवॅटची तीन कोटेशनं घेतलीत. एकात ५४० वॅट मोनो पर्क बायफेशियल डीसीआर ६ नग, दुसऱ्यात ५९० वॅट टॉपकॉन डीसीआर ५ नग आणि तिसऱ्यात नुसतं "३ किलोवॅट सोलर सिस्टीम कम्प्लीट", ज्याचा रेट सगळ्यात कमी. आणि विचारलंय की दादा ह्यातलं कुठलं घेऊ, आणि ह्या शब्दांचा अर्थ तरी एकदा नीट सांगा.

कुठलं घ्यायचं ते शेवटी बघू. मी कराडला असतो, चौदा वर्षं झाली ह्या धंद्यात, सुरुवात पाण्याच्या सोलरपासून केली, मग शेतीचे पंप, मग गच्चीवरचं. एवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट कळली ती म्हणजे कोटेशनमधला जवळजवळ प्रत्येक आकडा खरा असतो, पण कुठल्यातरी अटीवर खरा असतो, आणि ती अट एकतर लिहिलेली नसते नाहीतर डेटाशीटच्या, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाच्या, तळाला बारीक अक्षरात असते. त्यामुळं शब्द पाठ करत बसू नका, आकडा दिसला की "हे कुठल्या अटीवर?" एवढं विचारा, समोरचा माणूस जाणकार आहे का नुसता एजंट आहे ते पण लगेच कळतंय.

पहिलं किलोवॅट आणि युनिट. हसू नका, शिकलेली माणसं पण ह्यात गोंधळतात. विहिरीवरची मोटार किती जोरात पाणी फेकते ते किलोवॅट, आणि संध्याकाळपर्यंत शेततळ्यात किती पाणी साठलं ते युनिट. लाईटबिल येतं ते युनिटचं आणि सोलर विकलं जातं किलोवॅटवर, सगळी गंमत इथंच आहे. आपल्याकडं १ किलोवॅटला वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण ४ युनिट धरायचे, म्हणजे ३ किलोवॅटला दिवसाला १२, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. पण ही सरासरी आहे बरं का, जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की निम्म्यावर पण येतं, आणि मग गिऱ्हाईकाचा फोन येतो की पॅनेल खराब दिलं. खराब काय नाय, ऊनच नाय तर वीज कुठनं येणार.

आता किलोवॅटच्या मागं कधीकधी "पी" लावलेला असतो, केडब्ल्यूपी. हा पी म्हणजे पीक. पॅनेलवर ५४० वॅट छापलंय ते एसटीसीला, म्हणजे प्रयोगशाळेत ठरवून दिलेल्या परिस्थितीत, चौरस मीटरला १००० वॅट एवढा उजेड आणि पॅनेलच्या आतल्या सेलचं, म्हणजे वीज करणाऱ्या तुकड्यांचं, तापमान २५ अंश. हवेचं नव्हे, सेलचं. आता तुम्हीच सांगा, पलूसला दुपारी कडक ऊन पडलंय आणि पॅनेल २५ अंशाला थंड बसलंय असं कधी होईल का? मे महिन्यात हवाच ४० अंशाला जाते, त्यात काळं पॅनेल उन्हात तापून ६५ ला सहज पोचतं. म्हणून डेटाशीटवर तापमान गुणांक बघायचा, मोनो पर्कचा (ही सेल बनवायची एक पद्धत) साधारण उणे ०.३५ टक्के असतो. म्हणजे २५ च्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ टक्के वॅट कमी. ६५ म्हणजे ४० अंश जास्त, ४० गुणिले ०.३५, १४ टक्के गेले. ५४० चं पॅनेल मेच्या दुपारी ४६४ च्या आसपास आलं, वर धूळ आणि वायरमधला लॉस वेगळा. त्यामुळंच मेपेक्षा फेब्रुवारीच्या निरभ्र दुपारी मोबाईलवर जास्त किलोवॅट दिसतात, त्यात घाबरण्यासारखं काय नाय. डेटाशीटवर शेजारीच एनओसीटीचा रकाना असतो, ८०० वॅट उजेड, हवा २० अंश आणि थोडा वारा असं धरून काढलेला. तो आकडा आपल्या गच्चीच्या जास्त जवळचा असतो पण विकताना तो कोण दाखवत नाय कारण तो लहान असतो.

टॉपकॉन म्हणजे सेल बनवायची पर्कच्या पुढची पद्धत. गुणांक ०.३० च्या आसपास, वर्षाला झीज थोडी कमी, आणि तेवढ्याच आकारात वॅट जास्त. ५४० आणि ५९० ही दोन्ही पॅनेलं आकाराला जवळजवळ सारखीच असतात, २२७८ मिलीमीटर गुणिले ११३४, म्हणजे साडेसात फूट बाय पावणेचार फूट. ५४० वाल्याची एफिशियन्सी २१ टक्क्यांच्या आत-बाहेर आणि ५९० वाल्याची पावणेतेवीसच्या वर. आता एफिशियन्सी शब्द ऐकला की लोकांना वाटतं वीज जास्त मिळणार. तसं नसतं. १ किलोवॅट टॉपकॉन आणि १ किलोवॅट पर्क ह्यांची वीज उन्हाळ्यात एक-दोन टक्के इकडंतिकडं होईल, बाकी एफिशियन्सी म्हणजे जागा किती लागणार एवढाच प्रश्न. पुण्यात दोन खोल्यांएवढ्या गच्चीवर सोलर बसवायचा असेल तर हा आकडा महत्त्वाचा, तुमचा स्लॅब मोकळा आहे, तुम्हाला त्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाय.

बायफेशियल म्हणजे मागच्या बाजूनं पण वीज करणारं पॅनेल. इथं पण अट आलीच. मागं उजेड पोचला तर. खाली पांढरा चुना किंवा पांढरा कोट मारलेला स्लॅब असेल, पॅनेल चांगलं उंचावर असेल तर फायदा दिसतो, पत्र्याच्या शेडला चिकटवून बसवलं तर मागं अंधारच. आमच्याकडं बेदाण्याच्या शेडवर बायफेशियल मागणारे येतात, मी त्यांना सांगतो साधं घ्या आणि उरलेल्या पैशात वायर चांगली टाका. हां, एक आहे, दोन्हीकडं काच असलेलं बायफेशियल ३२ किलोच्या आसपास भरतं, साधं २८ च्या आसपास, तेव्हा स्ट्रक्चरवाल्याला आधी सांगायचं.

डीसीआर हा शब्द मात्र तुमच्या पैशाशी थेट जोडलेला आहे. त्याचा अर्थ पॅनेलमधला सेल पण भारतात बनलेला आणि पॅनेल पण भारतात जोडलेलं. नॉन-डीसीआर म्हणजे पॅनेल इथं जोडलंय पण सेल बाहेरचा, ते स्वस्त पडतं आणि वीज तेवढीच देतं, खोटं कशाला बोलू. पण पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी डीसीआरलाच मिळते. ही योजना १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, पहिल्या २ किलोवॅटला ३०,००० रुपये प्रति किलोवॅट, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० आणि त्याच्यावर कितीही मोठं बसवलं तरी तेवढेच. तुमच्या तिसऱ्या कोटेशनचा रेट कमी का आहे ह्याचं उत्तर इथंच असावं असा माझा अंदाज. त्याला फोन करून एकच विचारा, "पॅनेल डीसीआर आहे का, आणि तसं बिलावर लिहून देणार का?" आणि एएलएमएम म्हणजे सरकारनं मान्य केलेल्या मॉडेल आणि कंपन्यांची यादी, ती वेगळी आणि डीसीआर वेगळं, यादीत आहे म्हणजे डीसीआर आहेच असं नव्हे, ही चलाखी लय जण करतात.

आता जिथं मी स्वतः मार खाल्लाय ते सांगतो. डेटाशीटवर व्हीओसी असं लिहिलेलं असतं, ओपन सर्किट व्होल्टेज. पॅनेलवर ऊन पडलंय पण वायर कुठंच जोडलेली नाय, अशा वेळी टोकांना मीटर लावला तर जे व्होल्ट दिसतील ते. ५५० च्या पॅनेलला हे ४९.५ च्या आसपास असतं. पॅनेलं एकापुढं एक माळेसारखी जोडली की त्याला स्ट्रिंग म्हणायचं, आणि माळेत व्होल्टची बेरीज होते, अँपिअर तेवढेच राहतात. सोलरचा इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलच्या डीसी विजेची घरातली एसी वीज करणारा डबा, त्याच्यावर लिहिलेलं असतं मॅक्स डीसी व्होल्टेज, म्हणजे तो जास्तीत जास्त किती व्होल्ट सोसेल ते, सिंगल फेजच्या बऱ्याच मॉडेलना ६००.

काही वर्षं झाली, जावळीत मेढ्याच्या वरच्या अंगाला एका घरावर १२ पॅनेलं बसवली, एकाच माळेत. १२ गुणिले ४९.५ म्हणजे ५९४. सहाशेच्या आत, म्हणलं बसतंय. ऑक्टोबरात चालू करून दिलं, मस्त चाललं, जेवण पण झालं तिथं. डिसेंबरात एके दिवशी सकाळी पावणेआठला फोन, इन्व्हर्टरचा डिस्प्ले गेलाय आणि वास येतोय. झालं काय, ४९.५ हा आकडा परत त्याच अटीवरचा, सेल २५ अंशाला. गुणांक इथं पण आहे पण उलटा लागतो, गार झालं की व्होल्ट वाढतात, अंशाला साधारण ०.२७ टक्के. त्या दिवशी सकाळी १० अंश असेल. १५ अंश खाली, ४ टक्के वाढले, ५९४ चे झाले ६१८. आणि सकाळी कोवळं ऊन पडलं तरी व्होल्ट जवळजवळ पूर्ण येतात, वॅट येत नाय पण व्होल्ट येतात, आणि इन्व्हर्टरनं अजून लोड घेतलेला नसतो म्हणजे माळ उघडीच. गेला बिचारा. कंपनीचा माणूस आला, रेकॉर्डमध्ये ६०० च्या वरचा आकडा बघितला आणि वॉरंटी नाय म्हणून लिहून गेला, आणि खरं सांगायचं तर बरोबरच होतं त्याचं. नवीन इन्व्हर्टर माझ्या खिशातनं घातला आणि ६-६ च्या दोन माळा केल्या. तेव्हापासनं मी माळेचा हिशोब डिसेंबरातल्या पहाटेचा करतो आणि वॅटचा हिशोब मेच्या दुपारचा. तुमच्या ६ पॅनेलांना ही भीती नाय, ३०० व्होल्टच्या आसपासच बसतंय, पण उद्या वाढवायचं म्हणालात तर हे ध्यानात ठेवा.

दोन माळा करता आल्या कारण त्या इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी होते. एमपीपीटी म्हणजे इन्व्हर्टरमधला असा भाग जो सारखा शोधत राहतो की आत्ताच्या उन्हात किती व्होल्टला आणि किती अँपिअरला मिळून सगळ्यात जास्त वॅट निघतील. एका एमपीपीटीवरच्या सगळ्या पॅनेलांना तो एकच नियम लावतो, त्यामुळं अर्धी पूर्वेला आणि अर्धी पश्चिमेला तोंड करून एकाच माळेत जोडली तर एकमेकांचे पाय ओढतात, बैलजोडीत एक बैल दमला की दुसरा कितीही ताकदीचा असला तरी काय उपयोग. सावलीचं पण तेच. पॅनेलमध्ये साधारण ३ बायपास डायोड असतात, सावली पडलेला तुकडा बाजूला टाकून बाकीची वीज पुढं जाऊ देतात, हाफ कट, म्हणजे अर्ध्या कापलेल्या, सेलमुळं आणखी थोडा फरक पडतो. पण नारळाची झावळी किंवा डिशची छत्री रोज दुपारी आडवी येत असेल तर डायोडच्या जिवावर राहू नका, जागा बदला.

ऑनग्रिड म्हणजे लाईनला जोडलेला, ऑफग्रिड म्हणजे लाईन सोडून नुसता बॅटरीवर चालणारा, हायब्रीड म्हणजे लाईन आणि बॅटरी दोन्ही. तुमच्या तिन्ही कोटेशनमध्ये ऑनग्रिड आहे, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो: लाईट गेली की हा सोलर पण बंद पडणार, भर उन्हात. त्याला अँटी-आयलंडिंग म्हणतात. कारण सोपं आहे, लाईट घालवून वायरमन खांबावर चढलेला असतो आणि तुमच्या गच्चीवरनं उलटी वीज लाईनमध्ये गेली तर तो जिवाला मुकेल. लाईट गेल्यावर पण चालायला पाहिजे असेल तर बॅटरीवालं हायब्रीड लागतं, खर्च बराच वाढतो. पलूस गावठाणात लाईट किती जाते ते तुम्हाला माहिती, दिवसातनं तासभर जात असेल तर घरातला जुना इन्व्हर्टर-बॅटरी वेगळा चालू द्या, तेच परवडतं.

बॅटरीचा विषय निघालाच म्हणून, १५० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीत किती मावतं ते) लिहिलेलं असतं तिथं पुढं सी१० का सी२० ते बघा. सी१० म्हणजे १० तासात हळूहळू काढली तर १५० मिळतील, सी२० म्हणजे २० तास लावले तर. म्हणजे सी२० ची दीडशे ही सी१० च्या दीडशेपेक्षा लहान. आणि पाण्याची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, लिथियमची ८०-९० टक्के वापरता येते.

डीसीडीबी आणि एसीडीबी ह्या दोन पेट्या, एक पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या मध्ये, दुसरी इन्व्हर्टर आणि मीटरच्या मध्ये. पैसे वाचवायला लोक डीसीच्या पेटीत साधा घरातला एमसीबी घालतात आणि हे लय धोक्याचं आहे. घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळं स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाय, ठिणगी वेल्डिंगसारखी जळत राहते. पेटी उघडून बघा, एमसीबीवर डीसी लिहिलेलं पाहिजे आणि व्होल्ट तुमच्या माळेपेक्षा जास्त पाहिजेत. एसपीडी म्हणजे वीज कडाडली की वायरीतनं येणारा झटका जमिनीत घालवणारा, एलए म्हणजे वर उभा केलेला लाइटनिंग अरेस्टर. एसपीडी असला म्हणजे एलए नको असं नसतं. अर्थिंग तीन, एक पॅनेल-स्ट्रक्चरचं, एक एसीचं, एक एलएचं, वळवाच्या पावसात आपल्याकडं विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको.

स्ट्रक्चरवर "जीआय" (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) एवढंच लिहिलं असेल तर हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, आहे का आणि थर किती मायक्रॉन ते विचारा, ८० मायक्रॉन म्हणाला तर ठीक, नुसत्या रंगवलेल्या अँगलला चार पावसाळ्यात गंज धरतो. आणि वाऱ्याचा वेग किती धरलाय ते पण विचारा, ताशी १५० किलोमीटर असं बऱ्याच जणांच्या कागदावर असतं. चाळकेवाडीच्या आणि ढालगावच्या पवनचक्क्या काय शोभेला उभ्या केलेल्या नायत, वारा आहे आपल्याकडं. कोन १५ ते १८ अंश, तोंड दक्षिणेला.

नेट मीटर म्हणजे आलेले आणि गेलेले युनिट दोन्ही मोजणारा मीटर. जादा गेलेले युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, ३१ मार्चला हिशोब मिटतो. "बिल शून्य" म्हणतात ते ऊर्जेपुरतं, स्थिर आकार द्यावाच लागतो. मंजूर भार कमी असला तरी १० किलोवॅटपर्यंत आता अडचण येत नाय, २०२४ च्या नियमदुरुस्तीत तो आपोआप वाढवायची सोय केलीय.

वॉरंटी वाचताना २५ वर्षं मोठ्या अक्षरात असतं, ती परफॉर्मन्स वॉरंटी, म्हणजे २५ व्या वर्षी पण ८० टक्क्यांच्या वर वॅट देईल ही हमी, परत एसटीसीच्या अटीवर. पॅनेलची काच फुटली, पाणी शिरलं, जंक्शन बॉक्स जळला ह्याची वेगळी प्रॉडक्ट वॉरंटी, ती बहुतेक १० ते १२ वर्षं. इन्व्हर्टरची आणखी वेगळी. तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

वडील पाण्याचा सोलर पण म्हणतायत असं लिहिलंय तुम्ही. तिथं २०० एलपीडी म्हणजे चांगलं ऊन असलेल्या दिवसात २०० लिटर साधारण ६० अंशाचं पाणी, पावसाळ्यात नव्हे. एफपीसी म्हणजे तांब्याच्या नळ्यांचा सपाट पेटीवाला, ईटीसी म्हणजे काचेच्या नळ्यांचा. तुमच्या बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर एफपीसीच्या बारीक नळ्या चोंदतात, ईटीसी घ्या आणि वर्षातनं एकदा टाकी साफ करा. आणि तेच क्षाराचं पाणी पॅनेलं धुवायला वापरू नका, पांढरे डाग बसतात ते निघत नायत. धुवायचं सकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाय, आणि कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दर आठ-दहा दिवसांनी, ती काजळी धुळीपेक्षा वाईट.

आता कोटेशन. पहिल्यात ६ गुणिले ५४०, ३२४० वॅट. दुसऱ्यात ५ गुणिले ५९०, २९५० वॅट. फरक २९० वॅटचा, वर्षाला चारशेच्या वर युनिट होतात, टॉपकॉनच्या एक-दोन टक्क्यांनी ते भरून निघत नायत. सबसिडीत दुसऱ्याला हजारभर रुपये कमी बसतील, कारण पॅनेल आणि इन्व्हर्टर ह्यातला जो आकडा लहान तो धरतात. रेट सारखाच असेल तर मी पहिलं घेईन. दुसरा ६ नग त्याच पैशात देत असेल तर दुसरं. तिसऱ्याकडनं आधी पॅनेल आणि इन्व्हर्टरची डेटाशीट मागवा, दोन दिवसात आली नाय तर सोडून द्या.

आणि शेजारच्या घराची पाण्याची टाकी तुमच्या स्लॅबच्या कुठल्या अंगाला आहे ते लिहिलं नाही तुम्ही. दक्षिणेला असेल तर डिसेंबरात तिची सावली लांब पडते. सकाळी ९ ला आणि दुपारी ४ ला असे दोन फोटो काढून पाठवा, मग पॅनेलं कुठनं सुरू करायची ते सांगतो.